सेनापतीचा कागद आणि आपल्या वाडवडिलांचा वारसा





प्राथमिक शाळेत आम्ही मुलांना आपल्या मॉरिशसचा इतिहास शिकवतो. १८१० सालच्या धड्यात इंग्रजांचा सेनापती जनरल ॲबरक्रॉम्बी येतो. एकदा एका मुलीने विचारले, "मिस, तो मुंबईहून आला होता ना? मग आपली माणसं त्याच्याबरोबर आली का?" पुस्तकात याचे उत्तर नव्हते. म्हणून आज त्याचीच गोष्ट आपल्यापुढे मांडतो.

जॉन ॲबरक्रॉम्बी १७७२ साली स्कॉटलंडमधल्या एका नामांकित घराण्यात जन्मला. वडील सर राल्फ मोठे सेनानी. त्यांच्या मृत्यूनंतर आईला बॅरोनेस हा सरदारकीचा किताब मिळाला. चौदाव्या वर्षी जॉन ७५व्या हायलँड पलटणीत दाखल झाला. पुढे फ्लँडर्स, वेस्ट इंडीज, आयर्लंड आणि हॉलंड येथे त्याने वडिलांच्या हाताखाली काम केले. १८०१ साली इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या लढाईत वडिलांना गोळी लागली आणि आठवडाभरातच जहाजावर त्यांचा अंत झाला. मुलगा त्याच मोहिमेत होता.

१८०३ साली तो फ्रान्समध्ये असताना पुन्हा युद्ध पेटले. नेपोलियनने तिथल्या इंग्रजांना अडकवून ठेवले. जॉनला व्हर्दं गावी पाच वर्षे कैदेत काढावी लागली. १८०८ साली अदलाबदलीत सुटका झाली आणि १८०९ साली तो मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती झाला.

त्या वेळी आपले बेट फ्रेंचांचे होते. नाव होते ईल द फ्रांस. येथून निघणारी फ्रेंच जहाजे हिंदुस्थानच्या वाटेवर इंग्रजांची गलबते लुटत. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोर्टला इंग्रजांचे आरमार पुरते हरले. मोठ्या मोहिमेची सूत्रे ॲबरक्रॉम्बीकडे होती. येताना १८ सप्टेंबरला त्याचे जहाज फ्रेंचांनी पकडले. सकाळी सेनापती कैदी झाला. पण त्याच दिवशी कमोडोर राउलीने त्याला सोडवले.

२९ नोव्हेंबरला सुमारे ७० जहाजांचा ताफा उत्तरेला, ग्रां बेच्या जवळ, मापू येथे आला. सैन्य जंगलातून पोर्ट लुईकडे निघाले. उन्हाने आणि तहानेने शिपाई कासावीस झाले. चार-पाच दिवसांत फ्रेंच गव्हर्नर दकां शरण आला आणि ३ डिसेंबरला तहनामा झाला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. होय, या मोहिमांत हिंदी शिपाई होते. १८०९ साली इंग्रजांनी रॉड्रिग्ज बेट घेतले, तेव्हा गोऱ्या शिपायांबरोबर मुंबईच्या देशी पायदळाचे शिपाईही उतरले. त्या पायदळात कोकणातले जवान पुष्कळ असत. म्हणजे ऊस तोडायला आपली माणसे आली, त्याच्या कितीतरी आधी मुंबईचे शिपाई या समुद्रात पोहोचले होते. सेनापतीचे नाव धड्यात आले, शिपायांचे एकही नाव आले नाही.

आम्हाला मात्र या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तहनामा. फ्रेंच शिपायांना कैद न करता त्यांच्या देशी पाठवावे असे ठरले. स्वतः पाच वर्षे अडकून पडलेल्या माणसाला ते सुचले असेल, असे आमच्या मनात येते. दुसरे कलम असे, की रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती कायम राहतील. त्यांच्या खासगी मालमत्तेला धक्का लागणार नाही. म्हणून तर इंग्रजांच्या राज्यात फ्रेंच भाषा टिकली. पण त्या काळी "मालमत्तेत" गुलाम माणसेही मोजली जात. त्यांच्या बेड्या १८३५ सालापर्यंत तुटल्या नाहीत. आणि त्या तुटू लागल्या तेव्हा मळ्यांसाठी करारबद्ध मजूर आणले गेले. ते आपले वाडवडील.

हरलेल्या मळेवाल्यांच्या हाती धर्म आणि चालीरीती राखण्याचा कागद होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातीही कागद होता, पण त्यावर काम, पगार आणि शिधा एवढेच लिहिलेले. त्यांची भाषा राखू, असे वचन त्यांना कोणी दिले नव्हते. तरी त्यांनी ती राखली. दिवसभर ऊस तोडून रात्री बैठकेत कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवली. गणपती बसवला, झाकरी नाचले, गोंधळ घातला. आयांनी ओव्या गाऊन बाळे झोपवली.

ॲबरक्रॉम्बी पुढे मद्रासला सरसेनापती झाला, काही काळ तेथील हंगामी गव्हर्नरही होता. प्रकृती बिघडून मायदेशी परतला आणि १८१७ साली फ्रान्समध्ये मार्सेय येथे वारला. वयाची पंचेचाळीस वर्षेही भरली नव्हती. ज्या फ्रेंचांशी आयुष्यभर लढला, त्यांच्याच भूमीवर डोळे मिटले. तो शूर होता, आणि त्याने दिलेला शब्द पाळला गेला. हे मुलांना आम्ही आदराने सांगतो.

पण माता-पित्यांनो, आमची एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा. पणजोबांचे गाव कोणते, ते कोणाबरोबर आले, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. सेनापतीची गोष्ट कागदपत्रांनी जपली. आपल्या माणसांची नावे आपण नाही लिहिली, तर कोण लिहिणार?