फिनलंडचा चाकू आणि त्याचें पोलाद

फिनलंडच्या उत्तर भागांत ऐन हिवाळ्यांत कित्येक दिवस सूर्य क्षितिजावर येत नाहीं, आणि पारा शून्याखालीं तीस अंशांपर्यंत उतरतो. अशा दिवसांत अरण्यांत एकट्या गेलेल्या मनुष्याच्या कमरेला ‘पूक्को’ नांवाचा लहानसा चाकू असतो. ओल्या फांदीच्या गाभ्यांतलें कोरडें लाकूड त्यानेंच उघडें करावयाचें, आणि त्याच्या पातळ ढलप्या काढून विस्तव पेटवावयाचा. पातें मोडलें तर विस्तव दुरावला. आणि विस्तवावांचून रात्र निभावेलच, अशी खात्री कोणी द्यावी? फिनी लोक चाकूच्या पोलादाविषयीं इतक्या गांभीर्यानें कां बोलतात, हें यावरून कळेल.

दिसण्यांत पूक्को अगदींच साधा. पातें बहुधा आठदहा सेंटिमीटरांचें, पाठ सरळ, धार एकच. मूठ भूर्जाच्या लाकडाची किंवा त्याच्या सालीच्या चकत्या घट्ट रचून केलेली असते. कारण कडाक्याच्या थंडींत उघडा धातु हाताला सोसत नाहीं. पश्चिमेकडील कौहावा हें गांव या धंद्याबद्दल प्रसिद्ध आहे. ईसाक्की यार्वेनपा यांनीं तेथें १८७९ सालीं चाकूंचा कारखाना काढला. उत्तरेस रोव्हानिएमी येथें मार्त्तीनी यांचा कारखाना १९२८ सालीं निघाला.

आतां मुख्य मुद्दा. कठीणपणा आणि चिवटपणा हे गुण बोलण्यांत एकच समजले जातात. वस्तुतः त्यांचें आपसांत फारसें जमत नाहीं. कांच कठीण खरी, पण पडली कीं फुटते; तांब्याची तार हवी तशी वांकते, पण तिला धार राहणार नाहीं. पात्याला दोन्ही गुण हवे असतात. लोहार पातें सुमारें आठशें अंशांपर्यंत लाल तापवून एकदम तेलांत किंवा पाण्यांत बुडवितो. त्यामुळें पोलाद अतिशय कठीण होतें, परंतु तितकेंच ठिसूळही. म्हणून तें पुन्हां सुमारें दोनशें अंशांपर्यंत हळूहळू तापवितात. घासलेल्या पृष्ठभागावर वाळल्या गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग उमटला, कीं थांबावयाचें. निळा रंग येईपर्यंत तापविलें, तर स्प्रिंगेचा गुण येतो आणि धार मऊ पडते. चांगला कारागीर पाठ व मुठींतला भाग मुद्दाम मऊ ठेवून फक्त धारेकडील भाग कठीण राखतो.

या कामास लागणारें पोलादही फार भपकेबाज नसतें. त्यांत शेंकडा पाऊण ते सव्वा भाग कर्ब असतो. कांहीं जातींत थोडें क्रोमियम व व्हॅनेडियम मिसळतात, व त्यानें पोलादाचे कण बारीक राहतात. पूर्वीं एवढीही सोय नव्हती. तेथील लोक सरोवरांच्या तळांतून खनिज उपसून लोखंड गाळीत. त्यांत फॉस्फरसचा अंश पुष्कळ असल्यामुळें तें थंडींत ठिसूळ होई. चांगलें पोलाद दुर्मिळ, म्हणून मऊ लोखंडाच्या पोटांत त्याची एकच पट्टी घालून पातें घडवीत. ही काटकसर होती खरी, पण तिनेंच पात्याला चिवटपणाही दिला.

पूक्कोच्या बाजू रुंद उताराच्या असून थेट धारेपर्यंत पोंचतात. तो उतार धारेच्या दगडावर सपाट टेंकवून नवशिक्यालाही पातें पाजळतां येतें. मात्र अशी पातळ धार ठिसूळ पोलादावर टिकत नाहीं. गांठीच्या लाकडावर तिचे कपचे उडतात. तेव्हां या चाकूची तीक्ष्णता हीच मुळांत त्याच्या चिवटपणाच्या आधारावर उभी आहे. कांहीं भक्त या चाकूनें ओंडके फोडतात, पहार म्हणूनही वापरतात, आणि पातें मोडलें म्हणजे लोहारास दोष देतात. हा अन्याय आहे. कुऱ्हाडीचें काम कुऱ्हाडीनेंच करावें.

दोष एकच, तो गंजाचा. न गंजणाऱ्या पोलादांत क्रोमियम बरेंच, शेंकडा बारातेरा किंवा अधिकही, असतें. या पोलादांत तें नसल्यासारखेंच. महाराष्ट्रांतील जुन्या विळीवर कैरी चिरल्यानें जसे काळे डाग पडतात, तसेच येथेंही पडतात. त्यांनीं पात्याचें कांहीं बिघडत नाहीं. तांबूस गंज मात्र धार खातो. म्हणून मासा चिरून झाल्यावर पातें धुवून, पुसून, किंचित् तेल लावून मगच म्यानांत घालावें लागतें, आणि कातड्याचें म्यान भिजलें असेल तर तें वाळेपर्यंत चाकू बाहेरच ठेवावा लागतो.