‘महाराज’ म्हणण्यापूर्वी

(शताब्दी सोहळ्यात गावच्या विठ्ठल मंदिरात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



विणेकरी बुवा, चोपदार, टाळकरी-पखवाजी मंडळी, डोईवर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या माझ्या माय-बहिणी, आणि मंडपाच्या कडेला उभी असलेली तरणी पोरं. बसून घ्या रे, तासभर काही घेणार नाही.

शंभर वर्षांच्या वाटचालीवर सकाळपासून बरंच बोलून झालं. पहिला तंबू कोणी दिला, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, दुष्काळाच्या सालीसुद्धा वारी कशी चुकू दिली नाही, सगळं आलं. मी कीर्तनकार नाही. शाळेत इतिहास शिकवण्यात उमर गेली आणि दिंडीत टाळ धरतो, एवढाच माझा अधिकार. म्हणून इतिहासातलीच एक गोष्ट सांगतो. आजच का सांगतोय, ते पुढं कळेल.

गोष्ट मुंबईची, १८६२ सालची. कोर्टात एक खटला चालला. त्याला ‘महाराज लायबल केस’ म्हणतात. लायबल म्हणजे छापून केलेली बदनामी. वल्लभाचार्यांचा पुष्टिमार्ग तुम्हाला माहीत असेल. गुजराती भाटिये, वाणी मंडळी त्या मार्गातली. वल्लभाचार्य स्वतः मोठे आचार्य, कृष्णभक्तीचा मळा फुलवणारे. त्यांच्या संप्रदायात अशी परंपरा सांगतात, की पंढरपुरी विठोबानं त्यांना लग्न कर म्हणून आज्ञा केली, आणि पुढं मुलाचं नाव विठ्ठलनाथ ठेवलं गेलं. म्हणजे ही काही परक्याची भाऊबंदकी नव्हे. आपल्याच देवाच्या अंगणातली माणसं. कुणाच्या संप्रदायाला नावं ठेवायला मी उभा राहिलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वल्लभाचार्यांच्या वंशात जन्मलेल्या पुरुषांना ‘महाराज’ म्हणायची पद्धत पडली. साधना करो न करो, जन्मानंच महाराज. भक्तानं तन, मन, धन अर्पण करायचं. अर्पण देवाला. पण देवाच्या वतीनं घेणारा कोण? तर महाराज. इथंच घोटाळा झाला. तन अर्पण करण्याचा अर्थ काही महाराजांनी आपल्या सोयीनं लावला, आणि भक्तांच्या लेकी-सुनांपर्यंत गोष्ट गेली. मुंबईत हे कुजबुजीनं सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं कोणी नाही.

त्या काळात करसनदास मूळजी नावाचा एक तरुण होता. वैष्णव घरातलाच, कपोळ वाणी. विधवांच्या पुनर्विवाहावर निबंध लिहायला घेतला म्हणून त्याला घर सोडावं लागलं होतं. त्यानं १८५५ साली ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती साप्ताहिक काढलं. १८६० मध्ये सुरतेहून जदुनाथजी महाराज मुंबईत आले. कवी नर्मदाशी पुनर्विवाहावर त्यांचा वाद झाला. सुधारणावाले धर्म बुडवायला निघालेत, असं महाराजांचं म्हणणं. त्यांच्या बाजूनं स्वधर्म वाढवणारं आणि संशय छेदणारं म्हणून एक मासिकही निघालं. नाव पाहा, संशय छेदणारं! त्याला उत्तर म्हणून करसनदासांनी २१ ऑक्टोबर १८६० रोजी लेख लिहिला आणि महाराजांच्या वागणुकीबद्दल उघड छापलं. महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. त्या काळचे पन्नास हजार!

आता मला खरं सांगायचंय ते महाराजांबद्दल नाहीच. भक्तांबद्दल आहे. या खटल्याच्या आधी एका महाराजांवर कोर्टात हजर राहायची वेळ आली होती, तेव्हा मंदिराची दारं बंद केली गेली. दर्शन घेतल्याशिवाय तोंडात घास न घालणारी भाविक माणसं. ती काय करणार? महाराजांना कोर्टात खेचणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. करसनदासांनी त्या कागदाला ‘गुलामीखत’ म्हटलं. आणि हा दावा लागल्यावर भाटिया पुढाऱ्यांनी जातीची बैठक भरवून ठरवलं, की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल तो जातीबाहेर. म्हणजे रोटी-बेटी बंद, मर्तिकाला खांदा नाही. त्याबद्दलही वेगळा खटला झाला आणि त्या पुढाऱ्यांना दंड बसला. हे लोक वाईट होते का? मुळीच नाही. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या पोरी यात होत्या. तरी ते महाराजांच्या बाजूनं उभे राहिले. कारण महाराज पडले तर आपण पिढ्यान् पिढ्या ज्याच्या पाया पडलो ते सगळं खोटं ठरेल, ही भीती. अब्रू महाराजांची नव्हे, स्वतःची झाकत होते.

तरीही काही जण उभे राहिलेच. त्यात आपल्याला अभिमान वाटावा असं एक नाव आहे, डॉक्टर भाऊ दाजी लाड. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मराठी माणूस. मुंबईत गोरगरिबांना औषध देणारा, जुन्या शिलालेखांचा अभ्यासक. भायखळ्याच्या म्युझियमला आज त्यांचं नाव आहे. त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं, की महाराज मंडळींपैकी काहींवर आपण गुप्तरोगाचे उपचार केले आहेत. बस्स. शिवी नाही, आदळआपट नाही, संप्रदायाची निंदा नाही. डॉक्टरनं जे पाहिलं ते सांगितलं. लेखातली शंभर वाक्यं एका बाजूला आणि ही साक्ष एका बाजूला. मला तर या सगळ्या प्रकरणात करसनदासांइतकेच भाऊ दाजी मोठे वाटतात. त्यांच्याकडं श्रीमंत भाटिये रुग्ण म्हणून येत असणारच की! पण ते बोलले.

२२ एप्रिल १८६२ ला निकाल लागला. मुख्य मुद्द्यावर करसनदास जिंकले, आणि खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये त्यांना मिळाले. न्यायमूर्ती अर्नोल्ड यांच्या निवाड्याचा गाभा असा, की हा वाद शास्त्राचा नाहीच, नीतीचा आहे. जे नीतीनं वाईट ते धर्माचा शेला पांघरून चांगलं होत नाही. इंग्रज न्यायाधीशानं सांगावं लागलं! आपल्या ज्ञानोबा माउलींनी हेच साडेपाचशे वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत अदंभित्व आहे. सोळाव्यात आसुरी संपत्ती मोजायला घेतली, तर पहिला नंबर दंभाचा. तिथं माउलींनी दृष्टान्त दिलाय तो ऐकून अंगावर काटा येतो. आपला धर्म चव्हाट्यावर मिरवणं म्हणजे आपल्या जन्मदात्या आईला लोकांपुढं उघडी करणं. हे दंभाबद्दल, हं. चोरीबद्दल नाही, व्यभिचाराबद्दल नाही. नुसत्या मिरवण्याबद्दल. जो उठता-बसता आपल्या ब्रह्मचर्याचे नगारे वाजवतो त्याच्यापासून सांभाळून राहा, एवढं तर त्यातून आपण घेऊ शकतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, दीडशे वर्षांपूर्वीचं कशाला उकरता? बरं, अलीकडचं घ्या. आसाराम. तरुणांना ब्रह्मचर्याचे धडे द्यायचा. चौदा फेब्रुवारीला प्रेमाचा दिवस पाळू नका, आई-बापांची पूजा करा म्हणून सांगायचा. ऐकायला किती गोड! दिल्लीत त्या मुलीवर अत्याचार झाला, तेव्हा तिनं त्या नराधमांना भाऊ म्हणायला हवं होतं, असं बोलायला त्याची जीभ रेटली. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्याच्याच गुरुकुलात शिकणाऱ्या, भक्त कुटुंबातल्या अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचारासाठी त्याला अटक झाली. २५ एप्रिल २०१८ ला जोधपूरच्या कोर्टानं जन्मठेप दिली. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. मुंबईत १८६२ ला जातीबाहेर टाकत होते, इथं जगाबाहेर टाकलं. त्या मुलीचे आई-वडील भक्त होते, तरी मुलीचं ऐकून ते पोलिसांत गेले. मी कोणाचं चरित्र लिहायला बसलो, तर महाराजाचं नाही लिहिणार, त्या आई-बापांचं लिहीन.

आता घरचं बोलू. आपल्याकडं असं नाही, असं म्हणायची आपल्याला फार हौस. आपल्या संप्रदायाची रचना चांगली आहे, हे खरंच. वारीत लहान मोठ्याच्या पाया पडतो आणि मोठाही लहानाच्या पडतो. तंबूत पन्नास माणसं शेजारी-शेजारी झोपतात, एकांत असा मिळतच नाही. विणा एकाच्या गळ्यात कायमचा राहत नाही, पहारे बदलतात. हे सगळं कोणीतरी विचार करून केलेलं आहे. तुकोबांनी कीर्तनकाराला घालून दिलेला नेम तर आपल्या पोरांना पाठ आहे. ज्या गावी कीर्तन त्या गावी अन्नसुद्धा घ्यायचं नाही, गळ्यात हार नाही, कपाळी बुक्का नाही, आणि आपल्या बैलाला दाणा-वैरणही मागायची नाही. बैलाला! आज तारखेसाठी फोन केला तर पलीकडून आधी आकडा सांगतात, मग गाडी कुठली ते सांगतात. असो. पैशाचं एक वेळ सोडून द्या.

आणि पंढरीचं दारसुद्धा कैक शतकं काहींना बंदच होतं. चोखोबांच्या वंशाला ते उघडायला साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपास करावा लागला. तेव्हा फार ताठ मानेनं चालू नये.

आपल्या पंचक्रोशीत तीन वर्षांमागं काय झालं ते इथं बसलेल्या बहुतेकांना माहीत आहे. नाव मी घेणार नाही. गोष्ट कोर्टात आहे, आणि कोर्टानं ठरवायच्या आधी मी कोणाला गुन्हेगार म्हणणार नाही. ऐकीव गोष्टीवर माणूस फाशी देणं हाही अधर्मच. ते महाराज बोलायला फर्डे. विषय ठरलेला: पोरींचे कपडे, पोरींचे मोबाइल, पोरी पळून जातात. बाया खाली मान घालून ऐकायच्या आणि पुरुष टाळ्या वाजवायचे. त्यांच्याकडं गायन-मृदंग शिकायला राहिलेल्या एका पोराच्या आईनं तक्रार केली. पोराची, पोरीची नाही. ती आधी पोलिसांकडं गेली नाही. आधी आपल्याच जाणत्या मंडळींकडं आली. तिला काय सांगितलं? संप्रदायाची अब्रू आहे बाई, सप्ताह तोंडावर आलाय, पत्रिका छापून झाल्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेवटी ती बाई एकटीच एसटीनं तालुक्याच्या ठाण्याला गेली. आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत काल्याच्या कीर्तनाला पुन्हा तेच नाव!

मला सांगा, भाटियांच्या बैठकीत आणि आपल्या त्या बैठकीत फरक काय? त्यांनी निदान ठराव तरी लिहून केला होता.

‘कीर्तन चांगलं करतात हो’ असं मला एकानं सुनावलं. करत असतील. जदुनाथजीही विद्वान होते. गोड गळ्याचा आणि लेकरू कोणाच्या हवाली करायचं याचा काही संबंध नाही. गुन्हा सिद्ध होईस्तोवर तुरुंगात घालू नये, बरोबर. पण तोवर त्याला नारदाच्या गादीवर उभं करायलाच हवं असं कुठल्या शास्त्रात आहे? थांबा म्हणावं दोन-चार वर्षं. विठ्ठल अठ्ठावीस युगं थांबलाय.

आणि हा नुसता मनाच्या मोठेपणाचा प्रश्न राहिलेला नाही. २०१२ चा पोक्सो कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या लेकरावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कलम १९. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर वर्षापर्यंत. म्हणजे मूठ झाकणारा हातसुद्धा कायद्यात गुन्हेगार आहे. मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, चोवीस तास लागतो. पोरांनो, तुम्ही तरी तो पाठ करा.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. त्या झाडाच्या सावलीत किती चांगले कीर्तनकार झाले. आज त्याच आळंदीत कुठल्या कुठल्या खासगी संस्थांबद्दल पेपरात बातम्या वाचाव्या लागतात. आई-बाप गरीब, शेतावरचे. पोरगं हरिनाम शिकेल, दोन घास खाईल, म्हणून ठेवतात. दार कोणतं, खोली कोणती, रात्री कोण असतं, विचारतच नाहीत. महाराजांना कसं विचारायचं? विचारायचं! म्हैस घेताना चार दात बघतो आपण.

मी एक कागद विणेकरी बुवांकडं दिला आहे. आपल्या दिंडीत अठरा वर्षांखालचं पोर आई-बापाशिवाय आलं तर त्याची जबाबदारी दोन माणसांवर राहील, त्यातली एक बाई असेल. एकट्या कोणाच्या तंबूत लेकरू झोपणार नाही. मग तो फडकरी असो की मी असो. कोणत्याही महाराजांविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदला असेल, तर निकाल लागेपर्यंत आपल्या सप्ताहाच्या पत्रिकेत त्यांचं नाव येणार नाही. आणि तक्रार घेऊन बाई आली, तर तिच्याबरोबर ठाण्यात जायला दिंडीतली दोन माणसं निघतील, सप्ताह असला तरी. त्यावर सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. काही जणांना पटणार नाही, तेही मला माहीत आहे. एकानं सकाळीच निरोप पाठवलाय, की गुरुजींनी हा विषय काढला तर मी पंगतीला बसणार नाही. त्यांचं ताट वाढून ठेवा, भूक लागली की येतील.

हरिपाठानंतर बैठक आहे. त्या आईलाही निरोप दिला आहे. तीन वर्षांत ती या देवळाची पायरी चढलेली नाही. आली, तर पुढं बसायला जागा करून द्या.

रामकृष्ण हरी.