पैसा ठेवण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. ही शेअरबाजारावर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण पैसा बुडाला की पहिली झळ आपल्याच धान्याच्या डब्याला लागते, म्हणून बोलते.

आपल्या बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांना २०२३ साली कुलपे लागली. तेव्हा पुष्कळ जणी म्हणाल्या, "नोंदणी तर होती ना!" होती, पण ती दिल्लीच्या केंद्रीय सहकार निबंधकांकडे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, तो अशा सोसायटीला नाही. शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या 'सेबी'चाही तिच्यावर अधिकार नाही. नोंदणी म्हणजे राखण नव्हे, बरे का!

सेबीला कायद्याचे अधिकार १९९२ साली मिळाले. पण अधिकार असूनही काय होते, ते पर्ल्समध्ये दिसले. जमीन देतो म्हणून या कंपनीने देशभर हप्ते गोळा केले. एजंट बहुधा नात्यातला नाहीतर ओळखीचा, मग पावती कोण वाचतो? सेबी म्हणे, ही सामूहिक गुंतवणूक योजना आहे, आमची परवानगी हवी. कंपनी म्हणे, आम्ही नुसती जमीन विकतो. १९९९ सालापासूनचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१३ साली सेबीच्या बाजूने लागला. २०१४ मध्ये पैसे परत करण्याचा हुकूम निघाला, तोवर सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांचे ४९,१०० कोटी रुपये अडकले होते. चौदा वर्षे वाद चालला आणि हप्तेही चालूच राहिले! अशाने कायद्यावर विश्वास कसा बसावा?

तरी सगळेच वाईट म्हणणार नाही. पूर्वी शेअरचे कागद हरवत, खोटे निघत. आता ते डीमॅट खात्यात आपल्या नावावर असतात आणि त्याचा हिशेब डिपॉझिटरी परस्पर आपल्याला कळवते, दलालाच्या तोंडी शब्दावर राहावे लागत नाही. भाव पडला तर ते नुकसान आपलेच, त्याला सेबी काय करणार? फसवणूक मात्र तिने रोखली पाहिजे, आणि वेळेवर.

पर्ल्सचे पैसे परत देण्यासाठी २०१६ साली न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली. तिने लहान रकमांपासून सुरुवात केली. ज्यांच्या घरी अजून ते कागद असतील त्यांनी फेकू नयेत, आणि "पैसे काढून देतो" म्हणणाऱ्या कोणाच्याही हाती अस्सल प्रमाणपत्र देऊ नये. समितीने स्वतः मागितले तरच द्यावे.