गोठलेला खांदा



आत येताना दाराशी एका बाईंनी मला अडवले. “डॉक्टर, हात वर जात नाही, वेणीसुद्धा घालता येत नाही. कुणाकडून एकदा जोराने ओढून मोकळा करून घेऊ का?” आजचे माझे व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचेच उत्तर आहे.

खांद्याच्या सांध्याभोवती एक सैल पिशवी असते. काखेच्या बाजूला तिला चुणी असते. हात वर नेला की ती उलगडते. ही पिशवी सुजली, जाड होऊन आक्रसली, की चुणी उरतच नाही. सदऱ्याची काख तोकडी शिवली म्हणजे हात जसा अडतो, तसाच तो अडतो. अमेरिकन शस्त्रवैद्य कॉडमन यांनी १९३४ साली याला ‘गोठलेला खांदा’ म्हटले. चाळिशी-साठीच्या दरम्यान हा विकार गाठतो, आणि मधुमेह्यांना विशेष. तेव्हा खांदा धरला तर साखरही तपासून घ्यावी. पडल्यामुळे हात उचलत नसेल, तर गोष्ट निराळी. तिथे आधी क्ष-किरण चित्र.

आता ओढण्याविषयी. उमेदीच्या काळात मीही एका शिंपीदादांचा खांदा असाच रेटला होता. त्या रात्री त्यांना झोप नाही, आणि पुन्हा ते माझ्याकडे आले नाहीत. त्यांचे काय चुकले? हॉलंडमध्ये ७७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. वेदनेच्या मर्यादेत हालचाल करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचा खांदा दोन वर्षांत जवळजवळ पूर्ववत झाला. वेदना सोसून ताणून घेणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांचाच. दुखावलेली पिशवी रेटली की पुन्हा चिडते. पण म्हणून हात गळ्यात बांधून बसणेही नको. न हलवलेला सांधा अधिकच आखडतो.

मग करावे काय? आधी दहा मिनिटे शेक. मग ओणवे होऊन हात लोंबता सोडावा आणि अंगाच्या झोक्याने हलू द्यावा. हा लंबकाचा व्यायामही कॉडमन यांचाच. मग भिंतीवर बोटांनी चढावे, कळ लागेल तिथे थांबावे. दिवसातून तीन-चार वेळा, महिनोन्‌महिने. वर्ष-दोन वर्षेही लागतात, हे आधीच सांगतो.

आता ज्यांना जमेल त्यांनी उभे राहावे. एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरा, वाका, दुसरा हात सैल सोडा. बाई, तुम्हीसुद्धा. उचलायचा नाही हं, नुसता झुलू द्यायचा.