पाठ केलेली दोन मिनिटं

भिलाईच्या सुपेल्यातून बोलतोय. फौजेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी माझ्याकडे मुलं इंग्रजी बोलायला येतात. फी नाही, फक्त वेळेवर यायचं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक मराठी मुलगी आली. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, रात्रपाळी करणारी. म्हणाली, "काका, आयईएलटीएस द्यायचीय. नर्स म्हणून इंग्लंडला जायचंय." तिथल्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत ७ बँड लागतात, लेखनात ६.५. परीक्षेची फी सतरा हजारांच्या वर. तिचा महिन्याचा पगारही तेवढा नव्हता.

क्लासमधून तिला झेरॉक्सची जाडजूड फाइल मिळाली होती. आवडती जागा, आवडती व्यक्ती, अविस्मरणीय प्रसंग, सगळ्यांची तयार उत्तरं. आता चूक माझी सांगतो. मला ती फाइल आवडली. ड्रिलची सवय! महिनाभर मी तिच्याकडून ती घोकून घेतली.

तोंडी परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. मधे एक कार्ड देतात. एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. हिला 'जागा' आली. हिने फाइलमधलं संग्रहालय धडाधड म्हणून टाकलं. परीक्षकाने शांतपणे ऐकलं आणि त्याच जागेबद्दल पुढचा प्रश्न विचारला. संग्रहालय हिने पाहिलेलंच नव्हतं. काय सांगणार? बोलण्यात ६.५ मिळाले. ऐकण्यात ७.५ आणि वाचनात ७ होते, पण लेखनात ६. आलेखाचं वर्णन रंगवण्यात वेळ गेला आणि निबंध घाईत उरकला. निबंधाचं वजन दुप्पट असतं, त्याला तासातली चाळीस मिनिटं द्यायची असतात. हेही मी तिला बजावलं नव्हतं.

त्या रात्री मला १९८२ सालचं भोपाळ आठवलं. अधिकारी निवडीच्या मुलाखतीत 'लेक्चरेट' असतं. चिठ्ठीवर चार विषय, तीन मिनिटं तयारी, तीन मिनिटं भाषण. जागतिक राजकारणावर मी बरंच पाठ करून गेलो होतो. ऐन वेळी ते सोडलं आणि पोलाद कारखान्यावर बोललो. वडील तिथे पाळीत होते, आमच्या घरात घड्याळापेक्षा भोंग्यावर भरवसा जास्त. माझं इंग्रजी तेव्हा ओबडधोबडच होतं, पण अडलो नाही. आणि हे मीच विसरलो होतो!

दुसऱ्या दिवशी फाइल मिटली. म्हटलं, "अगं, काल रात्री वॉर्डात काय झालं ते दोन मिनिटं सांग." ती सांगायला लागली. सलाइन बंद पडलं, आजोबा घरी जायचा हट्ट धरून बसले, डॉक्टर फोन उचलेनात. व्याकरणाच्या चुका होत्या, पण थांबली नाही. मग मी खोदून प्रश्न विचारायचे, तिने कारणं द्यायची. रोज मोबाइलवर रेकॉर्ड करून तिनेच ऐकायचं. तिला उच्चारांची लाज वाटायची. पण तिथे गोऱ्यांसारखा उच्चार लागत नाही, बोललेलं स्पष्ट कळलं की झालं. निबंधही रोज एक, घड्याळ लावून, किमान २५० शब्द.

चार महिन्यांनी पुन्हा परीक्षा. बोलण्यात ७, लेखनात ६.५, ऐकण्यात ७. आणि वाचनात ६.५! तिचा चेहरा पडला. पण कौन्सिल बारा महिन्यांतल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरतं. अट एवढीच की दोन्ही वेळा लेखनात ६ आणि बाकीच्यांत ६.५ च्या खाली जायचं नाही. आम्ही दोघांनी तो नियम तीनदा वाचला. पहिल्या वेळचं वाचन ७ होतंच. जमलं.

आता ती कौन्सिलच्या नर्सिंग परीक्षेची तयारी करतेय. त्यात माझा काही उपयोग नाही. ती फाइल मात्र माझ्याकडेच आहे. कागद एका बाजूने कोरे आहेत, त्यावर मुलं निबंध लिहितात.