कंपनी : एका भाकरीचे वाटेकरी

‘जरा कंपनी द्या की!’ असं आपण सहज म्हणतो. इंग्रज मात्र कंपनी ‘देत’ नाही, ‘कीप’ करतो, म्हणजे राखतो. आमचे विद्यार्थी इथं हमखास अडखळतात. मराठीत सोबत देतातच, त्याला ते काय करणार!

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘कॉम’ म्हणजे बरोबर आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. (आपला पावही पोर्तुगीजांच्या हातून या ‘पानिस’पासूनच आला.) एका भाकरीचे वाटेकरी, ते ‘कंपॅनियन’. पुढं व्यापारातल्या भागीदारांनीही हाच शब्द उचलला, आणि त्यांतलीच एक कंपनी साताऱ्यास आली. 1819 साली तिनं छत्रपती प्रतापसिंहांशी तह केला. 1839 साली त्यांनाच पदच्युत करून काशीस धाडलं. आणि 1848 साली दत्तक वारस नाकारून राज्य खालसा केलं. भाकरी वाटून घेणारा शब्द असा ताटच उचलून घेऊन गेला!

सांगलीस त्याच शब्दाचं नशीब पालटलं. तिथं 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. पुढं गावोगाव नाटक मंडळ्या निघाल्या, आणि लोक त्यांना ‘नाटक कंपनी’ म्हणू लागले. कंपनीचं बिऱ्हाड एक, आचारी एक. रात्रीचा राजा, राक्षस आणि पडदा ओढणारा, सगळे कंपनीचंच अन्न जेवत. लॅटिनचा गंध नसलेल्या या मंडळींनी मूळ अर्थ बरोबर पकडला होता.

आता व्याकरणाचं तेवढं राहिलं. शब्दाआधी ‘ए’ हे उपपद आलं तर ती पेढी किंवा मंडळी. नुसताच आला तर बहुधा सोबत.