शपथ घालून बाई वाचत नाही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



"ताई, आता जगावंसंच वाटत नाही." सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीने हे ऐकले आहे. आपण घाबरून म्हणतो, "तुला मुलांची शपथ आहे." बाई मान डोलावते. पण अशा वचनाने जीव वाचतो याला पुरावा नाही. उलट पुन्हा विचार आला, की तो आपल्याला सांगायची तिला लाज वाटते.

म्हणून सरळ विचारा, "मरणाचे विचार येतात का? काही ठरवलं आहे का?" विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. धोका तातडीचा वाटला तर तिला एकटी सोडू नका, दवाखान्यात न्या. एरवी तिच्यासोबत बसून सुरक्षा योजना लिहा. अमेरिकेतील बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राऊन यांनी २०१२ साली मांडलेल्या योजनेत सहा पायऱ्या आहेत: धोक्याची खूण ओळखणे, स्वतःला सावरण्याचे उपाय, मन वळवणारी माणसे व जागा, मदत मागता येईल अशी माणसे, डॉक्टर-समुपदेशक आणि जिवाला धोका होईल अशी साधने दूर ठेवणे.

हा नमुना भरताना घरच्यांची नावे सहज लिहिली जातात. आपल्याकडे येणाऱ्या बाईला मार घरातच बसतो! तेव्हा नावे तिलाच सांगू द्या. रात्री दोन वाजता दार कोण उघडेल? शेजारीण? बचत गटातली मैत्रीण? तिची तयारी आधी विचारून ठेवा. कागद नवऱ्याच्या हाती लागण्याची भीती असेल तर योजना पाठ करून घ्या. शेतकरी घरात फवारणीचे औषध कुलपात हवे, आणि किल्ली तिने निवडलेल्या माणसाकडे.

पोलीस केसच्या भीतीने बायका दवाखान्यात खरे बोलत नाहीत. त्यांना सांगा, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो.

योजनेने मार थांबत नाही. ती आजची रात्र निभावण्यासाठी आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणाचा व निवासाचा आदेश मिळवणे, हे उद्याचे काम. त्यासाठी पुढच्या भेटीची तारीख आजच ठरवा, आणि ती आली नाही तर निरोप कोणाकडे द्यायचा तेही.